हा प्रश्न कोणत्या शाखेचा?

उलटा_चष्मा (धागाकर्ता)

'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाडलेला आहे. त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, की विज्ञान नावाचा कुणी एकच इसम आहे आणि तो कधी खाऊ देतो, कधी धपाटा. प्रत्यक्षात समाजाच्या वाट्याला विज्ञान येतं ते शाखाशाखांनी. प्रत्येक शाखेचं मोजमाप वेगळं, पुरावा कशाला म्हणायचं याचे नियम वेगळे, भीती वेगळी. एखादा प्रश्न उभा राहिला की तो कुणाच्या टेबलावर जातो यावर त्याचं उत्तर बरंचसं ठरून जातं. या धाग्यात त्याबद्दल बोलू या असं मनात आहे.

ताजं उदाहरण कोविडचं. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं ट्विट केलं की कोविड हवेतून पसरत नाही. त्याच्या अडीच आठवडे आधी, १० मार्चला, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाचा सराव झाला होता. ६१ जण हजर, त्यातले ५३ आजारी पडले, दोघं दगावले. खोकणारा माणूस समोर उभा राहून तुषार उडवतो आणि ते दोन मीटरच्या आत खाली बसतात, या हिशोबात ५३ हा आकडा बसवणं फार अवघड. पण हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा अभ्यास करणाऱ्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. बंद खोली, अडीच तास, मोठ्यानं गाणं. त्यांच्या लेखी तो जवळजवळ पाठ्यपुस्तकातला प्रश्न होता.

हे लोक धुरावर, प्रदूषणावर, ढगांवर काम करणारे. संसर्गरोगाच्या समित्यांमध्ये त्यांना खुर्ची नव्हती. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी खुलं पत्र लिहिलं, त्याला २३९ शास्त्रज्ञांचा पाठिंबा होता. संघटनेच्या संकेतस्थळावर हवेतून होणाऱ्या प्रसाराची स्पष्ट नोंद यायला एप्रिल २०२१ उजाडलं. तोवर जग खोके पुसत होतं, हात धूत होतं, आणि खिडक्या बंद ठेवून बसलं होतं.

मला यात खलनायक शोधायचा नाही. वैद्यकाला जे माहीत होतं ते चुकीचं होतं असंही नाही. शाखांच्या कुंपणावरच हा घोळ झाला. माझं म्हणणं एवढंच, की विज्ञानशाखेनं समाजाला काय 'दिलं' याची यादी करण्यापेक्षा, कुठल्या प्रश्नावर कुणाला बोलावलं गेलं आणि कुणाला नाही, हे पाहिलं तर जास्त कळतं. तुमच्याकडे अशी उदाहरणं असतील तर टाका.

नाडीपरीक्षा

*थोडा बचाव*

चष्मासाहेब, मांडणी आवडली, पण वैद्यकाची बाजू अर्धीच आली. हवेतून रोग पसरतो हे मानायला डॉक्टर इतके नाखूश का, याला मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात बहुतेक रोग दूषित हवेनं होतात असंच मानलं जायचं. जॉन स्नोनं १८५४ मध्ये लंडनमध्ये पटकी (कॉलरा) पाण्यातून पसरते हे दाखवलं, तेव्हा त्याला याच समजुतीशी झगडावं लागलं. पुढे १९१० मध्ये चार्ल्स चेपिन यांनी ठासून मांडलं की बहुतेक रोग स्पर्शानं आणि जवळच्या तुषारांनी पसरतात, हवेचं खूळ डोक्यातून काढा. काढलं नाही तर लोक हात धुणार नाहीत, अशी त्यांची रास्त काळजी होती. त्या शिकवणुकीनं लाखो जीव वाचले असतील. आमची पिढी त्याच मुशीतून आली.

आता वैद्यकातल्या ५ मायक्रॉनच्या नियमाबद्दल (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आम्हाला शिकवलं गेलं की ५ मायक्रॉनपेक्षा मोठा थेंब खाली पडतो, लहान तरंगतो. भौतिकीवाल्यांनी २०२० मध्ये हा आकडा पाहून कपाळावर हात मारला, कारण स्थिर हवेत चटकन खाली बसणाऱ्या थेंबाचा आकार १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्येच ते मांडलं होतं. मग ५ आला कुठून? क्षयाचे जंतू फुप्फुसात खोलवर पोचायचे तर कण साधारण तेवढा बारीक असावा लागतो, त्या अभ्यासातून. म्हणजे 'खोलवर पोचणारा कण' आणि 'तरंगणारा कण' असे दोन वेगळे आकडे कुठेतरी एकमेकांत मिसळले आणि नंतर दशकानुदशकं कुणी तपासलं नाही.

आणि एक व्यवहाराचा मुद्दा. हवेतून पसरतो म्हटलं की प्रत्येक कर्मचाऱ्याला एन-९५ मुखपट्टी द्यावी लागते, वेगळ्या वायुवीजनाच्या खोल्या लागतात. मार्च २०२० मध्ये त्या मुखपट्ट्या कुठेच पुरेशा नव्हत्या. वैज्ञानिक विधान करताना हे डोक्यात असू नये, मान्य. पण वॉर्ड चालवणाऱ्याच्या डोक्यात ते असतंच.

तिरकीट

५ आणि १०० मधला फरक ऐंशी वर्षं कुणाला दिसला नाही आणि म्हणे पीअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी इतर तज्ज्ञांकडून तपासणी. चालू द्या, वाचतोय.

खडकमाती

*शिसं*

उदाहरणं मागितलीत म्हणून माझ्या शाखेतलं एक देतो. जरा लांबण लागेल.

क्लेअर पॅटरसन हे भूरसायनाचे माणूस. त्यांना पृथ्वीचं वय काढायचं होतं. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, त्यामुळे उल्केतल्या शिशाची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजली की वय निघतं. कल्पना सरळ, पण मोजणी जुळेना. नमुन्यात असायला हवं त्याच्या कित्येक पट शिसं यायचं. ते येत होतं काचेच्या भांड्यांतून, नळाच्या पाण्यातून, रसायनांतून, भिंतीच्या रंगातून, स्वतःच्या केसांतून, कपड्यांवरच्या धुळीतून. मग त्यांनी प्रयोगशाळाच धुवायला घेतली. भांडी आम्लात उकळायची, पाणी पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित करायचं, रसायनं स्वतः शुद्ध करायची, खोलीत गाळलेली हवा दाबानं सोडायची म्हणजे बाहेरची धूळ आत शिरत नाही. या धुण्यापुसण्यात वर्षं गेली. १९५६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला आकडा, सुमारे ४५५ कोटी वर्षं, आजही जवळपास तसाच टिकून आहे.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. पॅटरसनना प्रश्न पडला की एवढं शिसं आलं कुठून? त्यांनी समुद्राच्या पाण्यातलं शिसं मोजलं तर वरच्या थरात जास्त, खोल पाण्यात कमी. म्हणजे ते नुकतंच वरून पडलेलं. ग्रीनलंडच्या बर्फाचे थर तपासले, तर अलीकडच्या थरांत शिसं प्रचंड वाढलेलं. पेट्रोलमध्ये १९२३ पासून टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग घालत होते, इंजिनाची ठोठो थांबवायला. १९६५ मध्ये त्यांनी लिहिलं की आजच्या माणसाच्या शरीरातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभर पट आहे.

तोवर शिशाचा प्रश्न 'औद्योगिक आरोग्य' या शाखेच्या टेबलावर होता, आणि तिथली शेवटची अधिकारवाणी म्हणजे रॉबर्ट केहो. त्यांचं म्हणणं, शरीरात शिसं असणं नैसर्गिकच आहे, एका मर्यादेखाली ते निरुपद्रवी आहे. त्यांनी कारखान्याबाहेरच्या, दूरच्या खेड्यातल्या लोकांचं रक्तही तपासलं होतं, त्यातही शिसं निघालं. झालं, 'नैसर्गिक' ठरलं. पण त्यांच्या प्रयोगशाळेची हवा, भांडी, सुया, सगळ्यांतच शिसं होतं आणि ते त्यांनी कधी धुतलं नव्हतं. मोजपट्टीच मळलेली. हे कळायला अशा माणसाची गरज होती ज्याला रोगाशी देणंघेणं नव्हतं, फक्त शून्य नीट मोजायचं होतं.

पॅटरसनना काय मिळालं? १९७१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं हवेतल्या शिशावर समिती नेमली, तेव्हा त्यात त्यांचं नाव नव्हतं. वातावरणातल्या शिशावर त्या वेळी त्यांच्याइतकं काम केलेला माणूस शोधून सापडला नसता.

चहाटळ

*कुंपण की पाकीट?*

खडकमाती, गोष्ट रंगवून सांगितलीत, पण त्यातला मुख्य धागा तुमच्या हातून सुटला. केहो एथिल कॉर्पोरेशनचे वैद्यकीय संचालक होते. त्यांची प्रयोगशाळा चालायची शिसं विकणाऱ्यांच्या पैशावर. त्या क्षेत्रात दुसऱ्या कुणाला पैसा नव्हता म्हणून दुसरं संशोधनही नव्हतं. हा शाखांमधल्या कुंपणाचा प्रश्न नाही, पाकिटाचा आहे. पॅटरसननी तोंड उघडल्यावर त्यांचंही तेलकंपन्यांकडून येणारं अनुदान बंद झालंच की.

चष्मासाहेबांची थिअरी ऐकायला गोड आहे, कारण त्यात कुणीच वाईट नसतं. सगळे बिचारे आपापल्या शाखेत अडकलेले. काही लोक अडकलेले नसतात हो, बसवलेले असतात.

उलटा_चष्मा

@चहाटळ, पाकीट आहेच. पण पाकीट काम कसं करतं ते बघा. केहोंना खोटे आकडे लिहावे लागले नाहीत. त्यांची मोजणी त्यांच्या शाखेच्या रीतीप्रमाणे चोख होती. कंपनीनं फक्त एवढंच पाहिलं की प्रश्न त्याच एका शाखेत राहील. कारखान्यातला कामगार आजारी पडतो का, एवढाच प्रश्न. मूल शाळेत मागे पडतं का, हा प्रश्न त्या शाखेत बसतच नव्हता. तो विचारला हर्बर्ट नीडलमन यांनी, १९७९ मध्ये, मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं बुद्ध्यंकात आणि वर्गात लक्ष देण्यात मागे. पैसा आणि कुंपण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतील असं मला वाटत नाही.

चहाटळ

बरं, अर्धं मान्य. मुलांच्या दाताचं माहीत नव्हतं.

ढगफुटी

ओझोनचं उदाहरण याच्या उलट बाजूचं आहे, तिथे शाखांचं जमलं. मोलिना आणि रोलंड या रसायनवाल्यांनी १९७४ मध्ये कागदावर दाखवलं की फ्रिजमधले सीएफसी वायू वर जाऊन ओझोन फोडतील. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरून जमिनीवरच्या जुन्या उपकरणानं मोजून ओझोनच्या थरातलं भोक दाखवलं. १९८७ मध्ये हे वायू आटोक्यात आणणारा माँट्रियल करार झाला. दोन वर्षांत! (सीएफसी आणि शिशाचं पेट्रोल दोन्ही टॉमस मिज्ली या एकाच गृहस्थाची देणगी, हे जाता जाता.)

एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण कुणीतरी ती गोष्ट टाकणारच: 'नासाच्या संगणकानं भोकाचे आकडे चुकीचे समजून फेकून दिले.' फेकले नव्हते. अतिशय कमी आकड्यांवर शंकेची खूण लावून ते बाजूला ठेवले जात होते आणि त्यांची तपासणी चालू होती. तेवढ्यात जमिनीवरून मोजणाऱ्यांनी बाजी मारली. फार्मन यांच्या चमूकडे १९५७ पासूनच्या त्याच जागच्या नोंदी होत्या. वर्षानुवर्षं रोज तेच मोजत बसणं, ज्यावर नवं काहीच छापता येत नाही, असल्या कामाला अनुदान मागायला गेलात की काय ऐकावं लागतं ते या धंद्यातल्यांना विचारा.

सांख्यिकीण

*आमच्या शाखेचे पराक्रम*

इथे अजून कुणी संख्याशास्त्राचं नाव काढलं नाही, म्हणून मीच काढते. आमची शाखा सगळ्यांच्या घरात पाहुणी, त्यामुळे दुसऱ्यांनी आमच्या नावावर केलेले घोळ भरपूर.

१९९९ मध्ये इंग्लंडमध्ये एका आईवर स्वतःच्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनाचा खटला चालला. एक नामांकित बालरोगतज्ज्ञ साक्षीला आले आणि म्हणाले, या कुटुंबासारख्या घरात दोन मुलं पाळण्यात आपोआप दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. हा आकडा आला कसा? अशा घरात एक मूल दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून ८,५४३ गुणिले ८,५४३. गुणाकार बरोबर आहे. पण असा गुणाकार करायला दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. एकाच आईबापांची, एकाच घरातली दोन भावंडं! त्यांच्यात आनुवंशिक किंवा परिसराचं काहीच समान नाही असं बालरोगतज्ज्ञानं म्हणावं?

दुसरी चूक याहून मोठी, आणि ती ऐकणाऱ्यांच्या डोक्यात होते. 'दोन मृत्यू आपोआप होणं दुर्मिळ' याचा अर्थ 'ती निर्दोष असणं दुर्मिळ' असा होत नाही. आईनं दोन मुलांना मारणंही अतिदुर्मिळच आहे. तुलना या दोन दुर्मिळ गोष्टींची करायची. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं जाहीर निवेदन काढून हे सांगितलं. २००३ मध्ये ती सुटली. आता यातली गंमत, सुटकेचं मुख्य कारण आकडा नव्हताच. शवविच्छेदन करणाऱ्या तज्ज्ञानं एका मुलाच्या जंतुसंसर्गाचे अहवाल बचाव पक्षाला दिलेच नव्हते, ते बाहेर आले. म्हणजे एकाच खटल्यात दोन शाखांनी माती खाल्ली, आणि न्यायालयात दोन्हींना प्रश्न विचारू शकेल असा कुणी नव्हता.

पण 'संख्याशास्त्रज्ञाला बोलवा म्हणजे सगळं ठीक होईल' असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या शाखेचा पायाच कुठे घातला गेला ते पाहा. सहसंबंध ही कल्पना गाल्टन यांची, आणि 'सुप्रजनन' (निवडक माणसांचीच पैदास वाढवून वंश 'सुधारण्याचा' विचार) हा शब्द १८८३ मध्ये घडवणारेही तेच. कार्ल पिअर्सन १९११ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सुप्रजननाचे पहिले प्राध्यापक झाले. या विचारातून अमेरिकेत सक्तीच्या नसबंदीचे कायदे आले, १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध १ मतांनी ते वैध ठरवले, आणि साठ हजारांहून जास्त लोकांवर शस्त्रक्रिया झाल्या. यात शाखा एकमेकींशी बोलत नव्हत्या असं म्हणायची सोय नाही. जीवशास्त्र, वैद्यक, कायदा, संख्याशास्त्र, सगळ्यांचं छान जमलं होतं.

उलटा_चष्मा

शेवटचा परिच्छेद माझ्या धाग्याच्या मुळावर आलाय. उत्तर सुचलं की लिहितो.

माळरान

समाजशास्त्रातलं एक उदाहरण. १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, वारं पश्चिमेला वळलं, आणि इंग्लंडच्या कुंब्रिया भागातल्या डोंगरांवर पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम उतरलं. तिथे मेंढपाळी चालते. जूनमध्ये सरकारनं मेंढ्या विकायला बंदी घातली आणि सांगितलं, तीन आठवड्यांत सगळं ठीक होईल.

तीन आठवड्यांचा हिशोब चिकणमातीवर केलेला होता. चिकणमाती सीझियम धरून ठेवते, मुळांना मिळू देत नाही. कुंब्रियाचे डोंगर आहेत पीटचे, आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचे. तिथे सीझियम मोकळं राहतं, गवतात चढतं, मेंढीच्या पोटात जातं, लेंडीतून परत जमिनीत, परत गवतात. शेवटच्या शेतांवरची बंदी उठली २०१२ मध्ये.

ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञानं त्या मेंढपाळांशी बोलून जे लिहिलं ते आपल्या विषयाच्या गाभ्याचं आहे. शास्त्रज्ञांनी एक प्रयोग मांडला होता. डोंगरावर तुकडे आखून कुंपण घातलं, त्यात वेगवेगळ्या प्रमाणात बेंटोनाइट ही चिकणमाती पसरली आणि मेंढ्या सोडल्या, कुठल्या मेंढीत सीझियम कमी भरतं ते बघायला. मेंढपाळ म्हणाले, या मेंढ्या मोकळ्या डोंगरावर फिरणाऱ्या, कुंपणात घातल्या की खंगतात, तुमचे आकडे काही कामाचे नाहीत. कुणी ऐकलं नाही. पुढे प्रयोग गुंडाळला, याच कारणानं, पण मेंढपाळांचं नाव कुठे आलं नाही. आणखी एक सल्ला मिळाला होता की मेंढ्यांना बाहेरून आणलेला पेंढा खाऊ घाला. डोंगरी मेंढी पेंढ्याला तोंड लावत नाही, हे तिथल्या पोरांनाही माहीत.

तिथून जवळच सेलाफील्डचा अणुप्रकल्प आहे आणि १९५७ मध्ये तिथे मोठी आग लागली होती. लोक विचारू लागले की यातलं सीझियम नक्की चेर्नोबिलचंच कशावरून? शास्त्रज्ञांच्या मते हा अडाणी संशय होता. पण ज्यांनी नुकतंच 'तीन आठवडे' ऐकलं होतं त्यांनी विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

तिरकीट

मेंढ्यांना कळलं, तज्ज्ञांना नाही. हेडलाइन तयार आहे.

पाय_जमिनीवर

*अशा गोष्टींचा दुरुपयोग*

माळरानताई, उदाहरण उत्तम. पण या धाग्याचा एकूण सूर मला खटकतोय. 'बाहेरच्याला दिसलं, तज्ज्ञाला नाही' अशी दहा उदाहरणं लागोपाठ वाचली की वाचणाऱ्याला वाटतं, बाहेरचा बहुधा बरोबरच असतो. बाहेरून आलेले हजार दावे असतात, त्यातले नऊशे नव्वद फोल निघतात आणि त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही.

इटलीतलं लाक्विला आठवा. २००९ च्या सुरुवातीला तिथे महिनोन्‌महिने छोटे धक्के बसत होते. एका प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ जमिनीतून येणारा रेडॉन वायू मोजून 'मोठा भूकंप येणार' असं सांगत फिरत होता. रेडॉनवरून भूकंपाचं भाकीत करता येत नाही, आजही येत नाही. लोक घाबरले म्हणून ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक लावली. बैठकीच्या आसपास नागरी संरक्षण खात्याचा एक अधिकारी टीव्हीवर म्हणाला, छोटे धक्के बसतायत हे चांगलंच, ऊर्जा मोकळी होते आहे. मग आता निवांत वाइन प्यायला हरकत नाही ना, असं वार्ताहरानं विचारलं. तो हो म्हणाला. ६ एप्रिलच्या पहाटे ३:३२ ला भूकंप झाला. ३०९ माणसं गेली. धक्के बसले की रात्री चौकात जाऊन झोपायची तिथली जुनी रीत होती, त्या रात्री बरेच जण घरातच राहिले.

२०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी अशा सातही जणांना सहा वर्षांची शिक्षा झाली. जगभर ओरड झाली की भूकंप ओळखला नाही म्हणून तुरुंगात टाकतात. आरोप तसा नव्हताच. धोक्याचं मूल्यमापन वरवर केलं आणि खोटा दिलासा दिला, असा होता. २०१४ मध्ये अपिलात सहाही शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली.

आता चष्मासाहेबांच्या सूत्रानं बघा. त्या बैठकीत भूकंपशास्त्र होतं, ज्वालामुखीशास्त्र होतं, भूकंपरोधक बांधकामाचे अभियंतेही होते. खुर्च्या भरलेल्या होत्या. 'छोट्या धक्क्यांनी ऊर्जा मोकळी होते' हे कुठल्याच शाखेचं मत नाही. पण ते टीव्हीवर गेलं आणि सहांपैकी एकानंही पुढे येऊन खोडलं नाही. शाखा हजर असणं आणि शाखेनं बोलणं यांत बरंच अंतर आहे.

माळरान

पटलं. पण त्या तंत्रज्ञाला गप्प करायची घाई झाली म्हणून तो दिलासा दिला गेला, हेही त्यात आहे. चुकीच्या माणसाला उत्तर द्यायच्या नादात तज्ज्ञ नको तितके ठाम झाले. 'सांगता येत नाही' हे उत्तर त्या दिवशी बरोबर होतं, आणि ते घेऊन कॅमेऱ्यासमोर जायला कुणी तयार नव्हतं.

नाडीपरीक्षा

'सांगता येत नाही' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे पेशंट दुसऱ्यांदा येत नाही. अनुभवाचे बोल.

अंडीपिल्ली

गाजलेल्या शाखांबद्दल खूप झालं. माझी शाखा वर्गीकरणाची, कीटकांच्या. पार्टीत सांगितली की समोरचा खाद्यपदार्थांकडे वळतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात एक कोडं होतं. हिवताप अॅनॉफिलिस डासामुळे होतो हे रोनाल्ड रॉस आणि इटालियन संशोधकांनी सिद्ध केलेलं होतं. पण काही प्रदेश असे की डास मुबलक आणि हिवताप नाही. पलीकडच्या प्रदेशात तोच डास आणि घरोघरी हिवताप. हवामान, आहार, गरिबी, सगळी कारणं लावून झाली.

१९२६ मध्ये फालेरोनी नावाच्या इटलीतल्या आरोग्य निरीक्षकानं डासाची अंडी बघितली. मादी पाण्यावर जी अंडी घालते त्यांच्यावर नक्षी असते. कुठे आडवे पट्टे, कुठे ठिपके, कुठे नुसता राखी रंग. एक मादी आयुष्यभर एकाच नक्षीची अंडी घालते, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे इतरांनी धागा पकडला आणि उलगडलं की ज्याला सगळे एकच डास समजत होते त्या बऱ्याच जाती आहेत. प्रौढ डास दिसायला सारखे, अंडी वेगळी. त्यातल्या काही माणसाला चावतात, काही गुरांवरच भागवतात. गुरांवर भागवणारे जिथे, तिथे हिवताप नाही. मग फवारणी, दलदली बुजवणं हे सगळं नेमक्या जातीवर रोखता आलं. त्या अंड्यांतल्या दोन जातींना फालेरोनींनी आपल्या खात्यातल्या दोन सहकाऱ्यांची नावं दिली, लाब्रांकिए आणि मेसेए. एवढाच त्यांचा चैनीचा खर्च.

आज हे काम डीएनएवरून होतं आणि वेगानं होतं. पण डीएनए जुळवायला आधी कुणीतरी हातानं ओळखून, टाचणीला लावून, चिठ्ठी लिहून ठेवलेला नमुना लागतो.

चहाटळ

खडकमाती किंवा नाडीपरीक्षा, शिशाचं अर्धवट राहिलं. शेवटी किती शिसं 'चालतं' ते ठरलं का?

खडकमाती

पेट्रोलमधून ते हळूहळू गेलं. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधलं शिसं घटलं तसं लोकांच्या रक्तातलं सरासरी शिसं सुमारे ३७ टक्क्यांनी उतरलं. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले तर चिकटून चालतात. गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ मध्ये थांबलं.

नाडीपरीक्षा

'चालतं' चा आकडा असा उतरत गेला. अमेरिकेत मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत १९६० च्या दशकात हरकत नव्हती. मग ४०, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५, २०२१ मध्ये ३.५. मुलं तीच, शिसं तेच.

सांख्यिकीण

३.५ बद्दल जरा थांबा. पहिले सगळे आकडे 'याच्यावर गेलं तर अपाय दिसतो' या विचारानं ठरलेले. ५ आणि ३.५ तसे नाहीत. तिथल्या १ ते ५ वयाच्या मुलांची रक्ततपासणी करून ज्या आकड्याच्या वर फक्त अडीच टक्के मुलं उरतात तो आकडा घेतलाय. त्यामुळे मुलं जसजशी स्वच्छ होतील तसतसा तो आकडा आपोआप खाली येईल. ती सुरक्षिततेची रेषा नाही, सगळ्यात आधी कुणाच्या घरी जाऊन शोध घ्यायचा त्याची यादी आहे.

चहाटळ

मग सुरक्षिततेची रेषा कुठेय?

नाडीपरीक्षा

नाहीये. मुलांसाठी सुरक्षित असा आकडा आजवर सापडलेला नाही. पण अहवालात ३.२ आलं आणि शेजारी ३.५ छापलेलं दिसलं की आईवडील 'म्हणजे नॉर्मल ना?' असं विचारतात. सांख्यिकीणबाई, त्या कागदावर ३.५ च्या खाली एक ओळ लिहायची झाली तर तुम्ही काय लिहाल? खरंच विचारतोय.